फुफ्फुसाचा जुनाट संसर्ग आणि न जाणारा थकवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनटीएम (नॉनट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया, म्हणजे टीबीच्या कुळातले पण टीबी नसलेले जंतू आणि त्यांचा आजार), ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) किंवा टीबी बरा झाल्यावर मागे उरलेलं दुखरं फुफ्फुस घेऊन जगणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. हाच आजार घेऊन गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात संसार करणारी बाई आहे. ओपीडीच्या रांगेत, कदंबाच्या बसमध्ये, लग्नाच्या मांडवात लोक जे विचारतात, तेच इथे घेतलं आहे. कोणतं औषध, किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण थकव्याबद्दल तिथे दोन मिनिटंही बोलणं होत नाही आणि घरी त्याला आळस म्हणतात, म्हणून इथे सगळा भर त्याच्यावर आहे.

एनटीएम म्हणजे टीबीच ना? मग तो घरात सगळ्यांना लागेल का?

टीबीचा जंतू आणि एनटीएम एकाच कुळातले, पण आजार वेगळा. एनटीएमच्या १९०हून जास्त प्रजाती आहेत आणि त्या मातीत, पाण्यात, नळाच्या पाइपात राहतात. सगळ्यांच्याच श्वासातून त्या जातात, बहुतेकांना काही होत नाही. ज्याचं फुफ्फुस आधीच दुखावलेलं असतं, त्याच्याकडे त्या मुक्काम ठोकतात. पूर्वी टीबी होऊन गेलेला, श्वासनलिका रुंदावलेल्या, सीओपीडी (श्वासनलिका आकसण्याचा जुनाट आजार) असलेला, खाणीवर किंवा दगडाच्या क्रशरवर वर्षानुवर्षं सिलिकाची धूळ ओढलेला माणूस. शिवाय साठीच्या आसपासच्या, अंगाने बारीक बायका, ज्यांना याआधी फुफ्फुसाचं काहीच नव्हतं. या जंतूंमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या गटाला मॅक (मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स) म्हणतात.

सर्वसाधारणपणे हा माणसाकडून माणसाला लागत नाही. तुमचं ताट-वाटी वेगळं करायची गरज नाही, नातवाला जवळ घ्यायला हरकत नाही. मात्र टीबी नाही हे तपासणीतून नक्की होईपर्यंत मास्क आणि खबरदारी हवीच. 'सिस्टिक फायब्रोसिस' (फुफ्फुसात चिकट कफ साचणारा जन्मजात आजार) असेल तर काय वेगळं सांभाळायचं ते डॉक्टर सांगतील.

घोळ इथे होतो: सूक्ष्मदर्शकाखालच्या थुंकीच्या तपासणीत दोन्ही जंतू सारखेच दिसतात. त्यामुळे रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला की टीबीची औषधं सुरू होतात. सीबीनॅट ही तपासणी साधारण दोन तासांत टीबी आहे का ते सांगते, पण एनटीएम ती ओळखत नाही. थुंकीत जंतू दिसतात, सीबीनॅट निगेटिव्ह आहे, किंवा टीबीच्या औषधांनी काही फरक पडत नाही, असं असेल तर 'कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं) करून प्रजाती कळेल का?' हा प्रश्न जरूर विचारा. कल्चरला कित्येक आठवडे लागतात. आणि एकाच नमुन्यात एनटीएम सापडला म्हणून औषधं सुरू करत नाहीत. साधारणपणे थुंकीच्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांत तो सापडावा लागतो, सोबत लक्षणं आणि सीटी स्कॅनही जुळावा लागतो.

हा थकवा रोजच्या दमण्यापेक्षा वेगळा कसा?

दमलेलं माणूस झोपून उठलं की ताजं होतं. इथे आठ तास झोपूनही सकाळी हातपाय गळाल्यासारखे असतात. केलेल्या कामाशी थकव्याचा मेळ लागत नाही. काल अंगण झाडूनही ठीक होतात, आज दात घासून झाल्यावर न्हाणीघराच्या दारातच बसावंसं वाटतं. विचारही जड होतात. बाजारात जाऊन काय आणायचं होतं तेच आठवत नाही.

आणखी एक म्हणजे तो उशिरा येतो. बऱ्याच जणांना मेहनतीच्या दिवशी काही जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग टाकावं लागतं. त्यामुळे कशाने दमलो हेच कळत नाही, आणि घरचे म्हणतात, 'काल तर चांगली फिरत होतीस.'

खोकला कमी झाला, तरी अंगात त्राण का नाही?

कारणं एकाहून जास्त असतात, म्हणूनच नुसत्या टॉनिकच्या बाटलीने हा थकवा हटत नाही.

पहिलं कारण संसर्गच. शरीर जंतूशी लढतं तेव्हा रक्तात काही रसायनं सोडली जातात. तापात अंग मोडून येतं, तोंडाची चव जाते, पडून राहावंसं वाटतं, ते त्यांच्यामुळेच. चार दिवसांच्या तापात ती चार दिवस असतात. जुनाट संसर्गात ती महिनोन्महिने मंद आचेवर चालूच राहतात, अंगात कसकस राहते, पण थर्मामीटर काही दाखवत नाही.

दुसरं कारण श्वास. कफाने भरलेल्या, रुंदावलेल्या श्वासनलिकांमधून हवा आत-बाहेर करायला बरगड्यांचे आणि पोटाच्या पडद्याचे स्नायू जास्त राबतात. नुसतं बसलेल्या माणसाचीही ताकद श्वासावर खर्च होत असते.

तिसरं, मोडलेली झोप. रात्री खोकल्याची उबळ, पहाटे घामाने भिजलेला गाऊन बदलायला उठणं.

चौथं, वजन. भूक मरते, वजन उतरतं, आणि उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. मांडीचे स्नायू गेले की चार पायऱ्यांनाही धाप लागते. धाप लागते म्हणून माणूस हालचाल कमी करतं, आणि स्नायू आणखी उतरतात.

याखेरीज रक्त कमी असणं, थायरॉइड मंद असणं, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, बेकाबू साखर, चालताना उतरणारा ऑक्सिजन, उदासी. यातलं बरंचसं साध्या तपासणीत सापडतं आणि औषधाने सुधारतंही. 'आजारच तसा आहे' म्हणून सगळं अंगावर काढू नका. आजाराच्या नावाखाली साधा रक्तक्षय दडून राहिला, अशी माणसं मी पाहिली आहेत.

औषधांनीच थकवा येतो असं वाटतं. काही दिवस बंद ठेवली तर?

स्वतःच्या मनाने नको. कळकळीने सांगते, नको.

मॅकवर बहुधा तीन औषधं एकत्र देतात: अॅझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, त्याबरोबर इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन. काहींना ती रोज असतात, काहींना आठवड्यातून तीनदा. थुंकीतून जंतू नाहीसे झाल्यापासून पुढे साधारण १२ महिने ती चालतात, म्हणजे सगळं मिळून वर्ष-दीड वर्षाचा किंवा त्याहून लांबचा पल्ला. यातली एखादी गोळी गाळून एकटं अॅझिथ्रोमायसिन घेत राहिलात, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, आणि तेच तर यातलं मुख्य औषध. म्हणूनच जुना खोकला आहे म्हणून फार्मसीतून तीन-तीन, पाच-पाच दिवसांचा अॅझिथ्रोमायसिनचा कोर्स परस्पर आणण्याची सवय फार वाईट.

तरी तुमची तक्रार खरी असू शकते. या औषधांनी मळमळतं, पोट बिघडतं, जेवण जात नाही, आणि त्यातून शक्ती जाते. रिफॅम्पिसिनने यकृतावर ताण येऊ शकतो. लघवी नारिंगी होते त्याची भीती नको, पण डोळे पिवळे दिसले, उलट्या लागल्या, अन्नावरची वासनाच उडाली, तर लगेच दाखवा. गोळ्यांची वेळ बदलणं, रात्री घेणं, एकेक औषध टप्प्याटप्प्याने सुरू करणं असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

इथॅम्ब्युटॉल घेणाऱ्यांनी नजरेवर लक्ष ठेवायचं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले सुट्टीचे लाल आकडे एकेक डोळा झाकून बघा. लाल रंग एका डोळ्याला फिका, मळका दिसायला लागला किंवा आकडे पुसट झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. कानात सतत गुंजन किंवा ऐकू कमी येणं हेही तसंच. ते अॅझिथ्रोमायसिनने होऊ शकतं, आणि अॅमिकासिनची इंजेक्शनं चालू असतील तर जास्तच.

डॉक्टरांना काय सांगू? 'थकवा आहे' म्हटलं की ते 'वय झालं' म्हणतात.

मलाही एके ठिकाणी हेच ऐकवलं होतं. 'थकवा आहे' हे वाक्य फार मोघम आहे, त्यातून समोरच्याला काही धरता येत नाही. नेमकं सांगा. 'पूर्वी मी देवळाच्या पायऱ्या एका दमात चढायचे, आता मध्ये दोनदा बसते.' 'आंघोळीनंतर अर्धा तास आडवी होते.' 'तीन महिन्यांत ब्लाउज सैल झाले.' जाण्याआधी आठवडाभर एका वहीत झोप, वजन, खोकला, कफाचा रंग आणि दिवसातली सर्वांत वाईट वेळ एवढं टिपा. बरोबर घरचं एक माणूस न्या. आपण तिथे गेलो की 'बरी आहे' म्हणून मोकळे होतो.

मग विचारा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या कधी झाल्या होत्या? सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करता येईल का? ती साधी असते. मोजलेल्या अंतरावर सहा मिनिटं आपल्या वेगाने चालायचं आणि आधी-नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन पाहायचा. बसून असताना ९७ दाखवणारं बोट चालल्यावर ८८ दाखवतं, असे रुग्ण असतात, आणि त्यांचा थकवा बसल्या जागी सापडत नाही.

दिवसभराची कामं कशी निभवायची?

थकवा यायच्या आधी थांबायचं. एवढं एकच जमलं तर बाकीचं सोपं आहे, पण तेच सर्वांत अवघड. आपल्या बायकांना ओटा पुसून, भांडी पालथी घालूनच बसायची सवय. चांगला दिवस मिळाला की राहिलेली सगळी कामं त्याच दिवशी उरकायची आणि मग पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचं. चांगल्या दिवशी थोडं कमी आणि वाईट दिवशी अगदीच शून्य नाही, असं ठेवलं तर आठवडा सरळ जातो.

आंघोळ हे यातलं सर्वांत मोठं काम आहे, आणि ते काम आहे असं कुणाला वाटतही नाही. वाकून तांब्याने पाणी घेणं, हात वर करून केस धुणं, कोंदट वाफ, मग अंग पुसण्याची झटापट. न्हाणीघरात प्लास्टिकचं उंच स्टूल ठेवा आणि बसून आंघोळ करा. बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा म्हणजे वाकावं लागत नाही. पाणी कडकडीत नको, झरोका उघडा राहू दे. पुसत बसण्याऐवजी मोठा सुती पंचा अंगाभोवती गुंडाळून पाच मिनिटं स्वस्थ बसा, पाणी आपोआप टिपलं जातं. केस धुणं निराळ्या दिवशी. वेणी घालताना कोपरं टेबलावर टेकवा, कारण हात खांद्याच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे स्नायू त्या कामात अडकतात.

स्वयंपाकघरात जमिनीवर आदोळी घेऊन नारळ खवायला बसलात की पोट दाबलं जातं आणि श्वास अर्धाच होतो. टेबलाला लावायची खवणी घ्या, किंवा नारळ घरातल्या मुलग्याकडे द्या. भाजी खुर्चीवर बसून चिरा. मासळी बाजारातूनच साफ करून आणा, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी. वाटण एकदम दोन-तीन दिवसांचं करून फ्रीजमध्ये ठेवा. आमटीला वाटण आज नाही घातलं तर चालतं, हे घरातल्या माणसांनी शिकून घेतलं पाहिजे.

पायऱ्या चढताना नाकाने श्वास आत घ्या, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडा, आणि सोडताना पाऊल उचला. जोर लावायचं कुठलंही काम श्वास सोडताना करायचं: घागर उचलणं, दार ओढणं, खाली वाकणं. धाप लागली तर खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेकवा; श्वास लवकर जागेवर येतो.

दुपारची विश्रांती जेवल्यावर पाऊण तास. त्यापेक्षा जास्त झोपलात तर रात्र खराब जाते.

व्यायाम करू की आराम?

दोन्ही, पण मोजून. नुसता आराम केला तर आधीच उतरलेले स्नायू पार जातात. मोकळं व्हायला म्हणून एकदम मैलभर चालायला गेलात तर दोन दिवस मोडतात. सपाट वाटेने पाच मिनिटांपासून सुरुवात करा. चालताना एक सबंध वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दागणिक दम लागला तर वेग जास्त आहे. आठवडाभर तेवढंच जमलं की दोन मिनिटं वाढवा. खुर्चीतून हात न टेकवता उठणं-बसणं हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम आहे, पावसाळ्यात घरातल्या घरातही होतो.

फुफ्फुस पुनर्वसन नावाचा सहा ते आठ आठवड्यांचा कार्यक्रम असतो. त्यात फिजिओथेरपिस्ट तुमच्या ताकदीप्रमाणे चालणं, वजनं, श्वासाचे व्यायाम हे सगळं देखरेखीखाली करून घेतात. बांबोळीच्या गोमेकॉमध्ये (गोवा मेडिकल कॉलेजात) छातीच्या विकारांच्या विभागात दाखवत असाल तर फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागा. खाजगीत दाखवत असलात तरी मागा. औषधांच्या चिठ्ठीइतकीच ती मोलाची आहे.

ताप असताना, थुंकीतून रक्त येत असताना व्यायाम बंद.

कफ काढण्याचा आणि थकव्याचा काय संबंध?

फार जवळचा. कफ साचला की जंतूंना घर मिळतं, खोकल्याची उबळ दिवसभर येते, आणि ती प्रत्येक उबळ सगळं अंग पिळून काढते. सकाळी वीस मिनिटं ठरवून कफ काढलात तर बाकीचा दिवस त्यातल्या त्यात मोकळा जातो.

पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. साधारण अशी: आधी सावकाश श्वास, मग तीन-चार खोल श्वास आणि प्रत्येक खोल श्वासानंतर दोन-तीन सेकंद थांबणं, मग तोंड उघडं ठेवून 'हा' करून हवा बाहेर ढकलणं, चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तशी, फक्त जास्त जोराने आणि लांब. कफ वर आल्यावरच खोकायचं. उगाच घसा फोडून खोकलात तर कफ तिथेच राहतो आणि दम तेवढा जातो.

काहींना ३ टक्के मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन (यंत्राने बारीक तुषार करून श्वासातून ओढणं) देतात. पहिल्यांदा ते दवाखान्यातच घ्या, कारण एखाद्याची छाती आवळते. नेब्युलायझरचे भाग रोज धुऊन उकळा आणि पूर्ण सुकवा. त्यात नळाचं किंवा विहिरीचं पाणी घालू नका.

जेवणच जात नाही. काय खाऊ?

थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. पोट तुडुंब भरलं की वरचा पडदा खाली सरकत नाही आणि श्वास अपुरा पडतो. सकाळी दहाची उकड्या तांदळाची पेज आपल्याकडे आहेच. तिच्यात चमचाभर तूप घाला, बाजूला नुसतं लोणचं नको, अंडं किंवा अळसांद्यांची, मुगाची उसळ घ्या. संध्याकाळी नाचणीचं तिझन, गूळ आणि नारळाच्या रसातलं. गिळायला सोपं आणि अंगी लागणारं. बांगडा, तारले स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेले. शिवराक असाल तर पनीर, दही, डाळी, शेंगदाणे वाढवा. वजन उतरत असेल तर दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं असं साधारण सांगतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास. पोटातलं आंबट वर येऊन श्वासनलिकेत उतरतं, ते संसर्गालाही वाईट आणि झोपेलाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू उंच करा.

पावसाळ्यात जास्त गळून जायला होतं. मनाचे खेळ का?

मनाचे खेळ नव्हेत. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवा दमट, कपाटाच्या मागे बुरशी, लवकर न वाळणारे कपडे, बंद खिडक्या. त्यात फ्लूची साथही पावसात जोर धरते. म्हणून फ्लूची लस एप्रिल-मेमध्ये घ्यावी, न्यूमोकॉकसच्या (न्यूमोनियाच्या एका जंतूवरच्या) लसीबद्दलही विचारावं.

मे महिन्यातली पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवणुकीची) कामं आधी वाटून टाका. मिरच्या वाळवणं, निवडणं, कुटणं हे तुम्ही करायचं नाहीच; त्या धुरळ्याने सुरू झालेली उबळ तासभर थांबत नाही. बुरशी आलेली गादी, जुनी वर्तमानपत्रं, ओल आलेली पोती पावसाआधी काढून टाका. बुरशी पुसायचं कामही दुसऱ्याने, मास्क लावून करायचं.

आणि धूर. भाणाखाली (पाणी तापवायच्या मोठ्या हंड्याखाली) झावळ्या, सोडणं पेटवून पाणी तापवायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. तो धूर सकाळच्या वेळी घरभर फिरतो. त्या घरात फुफ्फुसाचा रुग्ण असेल तर ते भाण बंद झालंच पाहिजे, यात मी तडजोड करणार नाही.

पाण्याचं, शॉवरचं, कुळागराचं काय?

एनटीएम क्लोरीनला सहज बधत नाही, पाइपाच्या आतल्या थरात टिकून राहतो. शॉवरच्या तुषारांतून तो श्वासात जाऊ शकतो, म्हणून बादली-तांब्या बरा. शॉवरच हवा असेल तर जाळी नियमित काढून साफ करा. गिझरमध्ये पाणी कोमट ठेवू नका. ५५ अंशांच्या वर तापू दे आणि बादलीत गार पाणी मिसळून वापरा.

कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जाणं सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, जीव तिथे रमतो. पण कुजलेला पालापाचोळा ढवळणं, कोरडं खत पसरणं, कुंड्यांची माती बदलणं ही कामं टाळा. करायचीच असतील तर माती आधी भिजवा आणि एन-९५ मास्क लावा.

चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे. कसं निभवू?

पाच दिवसांचा गणपती, नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, माटोळी (गणपतीवर फळं-पानं बांधलेली लाकडी चौकट), येणारे-जाणारे. बायका या दिवसांत उसनं अवसान आणतात आणि सहाव्या दिवशी ताप घेऊन झोपतात. महिनाभर आधी घरात बसून बोला. नेवऱ्या तळायचं काम तेलाच्या धुरासकट दुसऱ्याकडे द्या. तुम्ही बसून सारण भरा. माटोळीची बांधाबांध पुरुषांनी करावी, बऱ्याच घरांत ते करतातच. आरतीला बसा, पण धूप-उदबत्ती जवळ नको. घुमट (मातीचं वाद्य) वाजू दे, ओरडून आरती म्हणायचा आग्रह नको. फटाक्यांच्या वेळी आत, खिडकी लावून. भेटायला येणाऱ्यांसाठी एक वेळ ठरवा आणि दुपारी दार ओढून घ्या. देवाला तुमची दमछाक नको आहे.

घरचे म्हणतात, 'दिसायला तर बरी आहेस.'

हे ऐकून डोळ्यांत पाणी येतं, मला ठाऊक आहे. पण त्यांच्याकडून बघा: प्लास्टर नाही, टाके नाहीत, सलाइन नाही. न दिसणारं दुखणं त्यांना दाखवावं लागतं. एकदा त्यांना डॉक्टरांकडे बरोबर न्या. घरात 'मला बरं नाही' एवढ्यावर न थांबता नेमकं मागा: 'आज कपडे तू वाळत घाल,' 'पाण्याची बादली उचलून दे.' नेमकं काम सांगितलं की बहुतेक माणसं करतात.

नवऱ्यांना आणि मुलांना एक सांगणं आहे. तिने कामं टाकली तर बोलू नका, आणि तिने सगळी केली तर कौतुकही करू नका. त्या कौतुकासाठी ती उद्याही मोडेपर्यंत करेल. विचारल्याशिवाय भांडी घासून टाका.

मन सारखं उदास असतं. हेही आजारातलंच का?

असू शकतं, आणि त्यावर वेगळा उपचार होतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, रडू येतं, जगणं नको वाटतं, तर सांगा. टेलिमानसचा (मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा) १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. उदासीमुळे थकवा आणि थकव्यामुळे उदासी अशी दोन्हीकडून ओढ असते, म्हणून एकीवर इलाज केला तरी दुसरी थोडी हलते.

नोकरी सोडू का?

लगेच नको. पगाराइतकीच माणसांतली ऊठबस लागते. कुंडई, वेर्णासारख्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांनी धूळ-रसायनांच्या जागेवरून बदली मागावी, सोबत डॉक्टरांचं पत्र द्यावं. हा आजार लागट नसल्याचंही त्या पत्रात लिहून घ्या, नाहीतर डबा खाताना शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होतात. सकाळची पाळी की दुपारची, हे तुमच्या वहीतल्या नोंदींवरून ठरवा.

सरकारी मदत मिळते का?

निक्षय पोषण योजनेचे पैसे (नोव्हेंबर २०२४पासून दरमहा १००० रुपये, आधी ५०० होते) टीबीच्या नोंदणी झालेल्या रुग्णांसाठी आहेत, एनटीएमसाठी नाहीत. गोवा सरकारच्या २०१६पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (इस्पितळाच्या खर्चाच्या विम्याचं) कार्ड असेल तर दाखल होण्याआधी त्या इस्पितळाच्या काउंटरवर तुमचा उपचार यादीत बसतो का ते विचारून घ्या.

काढे, घरगुती औषधं चालतील का?

गरम पाणी, आलं, हळदीचं दूध यांना हरकत नाही. रोज भरपूर ज्येष्ठमध नको. त्याने रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं, आणि अॅझिथ्रोमायसिन चालू असताना ते हृदयाच्या ठोक्यांना धोक्याचं. रिफॅम्पिसिन तर पुष्कळ औषधांचा परिणाम कमी करतं, त्यात गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधंही आली. घेत असाल ते सगळं, वैद्यांचंसुद्धा, डॉक्टरांना दाखवा.

वाट न पाहता दवाखाना कधी गाठायचा?

थुंकीतून ताजं रक्त येणं, बसल्या जागी धाप, ऑक्सिजन ९०च्या खाली, छातीत अचानक कळ, ओठ निळसर, ग्लानी किंवा बरळणं. रक्त तोंड भरून आलं तर १०८ लावा आणि तोवर ज्या बाजूचं फुफ्फुस जास्त खराब आहे ती बाजू खाली करून कुशीवर झोपा. कुठली बाजू ते आजच डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा. कफाचा रंग गडद हिरवा होऊन वाढला, ताप आला, थकवा दोन-तीन दिवसांत एकदम वाढला, तर त्याच दिवशी फोन करा.

कोर्स संपल्यावर थकवा जाईल का?

बऱ्याच जणांचा कमी होतो, पण गोळ्या संपल्या त्या दिवशी नाही. थुंकीतून जंतू आधी जातात, भूक आणि वजन मागून येतात, स्नायूंची ताकद सर्वांत शेवटी, आणि ती व्यायामानेच येते. रुंदावलेल्या श्वासनलिका मात्र पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे सकाळचं कफ काढणं पुढेही चालू ठेवावं लागतं. एनटीएम पुन्हा होऊ शकतो, बऱ्याचदा भोवतालच्या पाण्या-मातीतून नव्याने. म्हणून बरं वाटतंय म्हणून थुंकीच्या तपासणीची तारीख चुकवू नका, आणि वजनाची नोंद महिन्यातून एकदा तरी करत राहा. वजन दोन किलोंनी उतरलं आणि दुपारी पुन्हा आडवं व्हावंसं वाटायला लागलं, तर खोकला नसला तरी दाखवून या.